वरची रेघ

पस्तीस वर्षं "वरची रेघ कोण देणार?" म्हणून पोरांच्या मागे लागलेल्या बाई निवृत्तीनंतर चिनी अक्षरं शिकत होत्या, चिनी सुनेच्या भाषेतच वाचणाऱ्या नातीसाठी. मनगट भरून यायचं, तरी हात प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर रेघ ओढायचाच.

"आजी, रेघ नको, अर्थ बदलतो," शिकवणारी मुलगी रोज सांगून दमायची.

नातीच्या वाढदिवसाला बाईंनी कार्डावर 'मोठी हो' म्हणून एकच अक्षर काढलं आणि पुन्हा न बघताच पाकीट चिकटवलं.

आठवड्यानं लेकाचा फोन आला.


"आई, तुझ्या रेघेनं 'मोठी'चं 'आभाळ' झालंय. आजीनं आभाळ व्हायला सांगितलंय म्हणून तुझी नात सकाळपासून कपाटावर चढून बसलीय. तूच उतरव आता, मी हात टेकले."