पूजेतले दोरे

"बोट आहे ही, देवघर नाही!" म्हणत नवऱ्याने शिडाच्या दोरीवरचा लाल दोरा कात्रीने कापला. मग बाकीचेही.

एकसारख्या दोऱ्या ओळखत ट्रेलरवरची बोट जुळवून धरणात उतरवेपर्यंत मागच्या दोन्ही शर्यती सुरू होऊन गेल्या होत्या. म्हणून शैलजाने आठवडाभर, पूजा आटोपली की बसून, प्रत्येक दोरीला पूजेतला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता. बघताक्षणी ओळखू यावी म्हणून.

"आता यातली शिडाची कुठली?" गुंता उपसत तो ओरडला. "बघतेस काय? शर्यतीला चार मिनिटं उरली!"

दोरे बांधता बांधता दोऱ्या तिच्या बोटांना पाठ झाल्या होत्या. तिने न बघता एक ओढली. शीड सरसर वर गेलं. बोट पाण्यात लोटून ती आत बसली. घड्याळ सावरत तोही चढू लागला.

"चढू नका," ती हळूच म्हणाली. "तुम्ही काठावरून मिनिटं मोजा."