शेंड्याला बांधलेला कान

"सांगितलं तर कुणी विश्वास ठेवायचा नाही," दाजी मयेकर माडाच्या बुंध्याशी उभे राहून ओरडले, "पण वरचा गेंडा भुंगा बोकडाएवढा आहे! यंत्राचा कान त्याच्या घोरण्यानं फुटायला आलाय!"

त्यांची सून शेवंती हातात आकडी घेऊन निम्म्या माडावर पोचली होती. हल्ली प्रत्येक माडाला भुंग्यांची चाहूल घेणारा यंत्राचा कान होता. त्याला गेंडा ऐकू आला, तर आकडीनं ओढून काढला की झालं. तो शेंडा खातो आणि उडून जातो. पण सोंड्या भुंगा ऐकू आला, तर माड त्याच दिवशी तोडायचा. त्याचं अख्खं कुटुंब खोडातच राहतं, आतून पोखरतं, आणि बाहेरून माड हिरवागार दिसतो.

वारा आला. माड जरा जास्तच झुलला. शेवंतीनं खोडाला मिठी मारली, गाल टेकला, आणि आत कुणीतरी ऊस चघळल्यासारखी कचकच ऐकली. ती एकेक पाय चाचपत उतरू लागली.

"मामंजी, कान बुंध्याला असतो. आपला शेंड्याला कसा?"

"तिथून लख्ख ऐकू येतं, सूनबाई! तुझ्या सासूनं लावलेला माड हा, असा पडायचा नाही."

"मग मधे कचकच कसली?"

"गेंडाच गो तो! पोराबाळांना घेऊन खाली उतरलाय."

शेवंतीचे पाय जमिनीला लागले.

"थाप! गेंड्याची पोरं शेणखतात वाढतात, मामंजी. खोडात वाढतात ती सोंड्याची. ती ऐकू येऊन माड तोडावा लागू नये म्हणून तर तुम्ही कान वर नेऊन बांधलात. आता पुढची थाप मारायची तर आधी माडाखालून बाजूला व्हा!"