टाच

आइस हॉकीच्या सामन्याचं शेवटचं मिनिट उरलं होतं. मृण्मयी चकती घेऊन एकटीच गोलकडे सुटली होती. आम्ही एका गोलने मागे होतो; बरोबरी झाली तरी आमच्या पोरी ज्युनिअर लीगच्या उपांत्य फेरीत जाणार होत्या. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती.

नाशिकमध्ये कुठला आलाय बर्फ? तीन वर्षं मी त्यांना सिमेंटवर, चाकांच्या स्केट्सवर हॉकी शिकवली. तिथे गोलमागे लगेच भिंत. कुणी जोरात निघालं की मी ओरडायचो, “टाच!” टाचेचा ब्रेक दाबला की पोरगी जागच्या जागी थांबायची.

लेहच्या बर्फावर तिचा तो वेग बघितला आणि माझ्या तोंडून गेलंच, “टाच!”

तीन वर्षं ऐकलं तसं तिने आजही ऐकलं. बर्फावरच्या स्केटला ब्रेक नसतो. पातं सटकलं, ती पाठीवर आपटली आणि चकती अलगद गोलकीपरकडे गेली.

सामना हरल्यावर ती आईला फोनवर सांगत होती, “पाय घसरला गं. माझीच चूक.”

मी समोर बसून तिच्या बुटांच्या नाड्या सोडत राहिलो. त्या केव्हाच सुटल्या होत्या.