दुपारची लाईट

बायको गेल्याचं मला विजेच्या ऑफिसात कळलं. तिला घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेलं होतं. दुपारची लाईट तेवढी बंद करू नका, हे सांगायला मी गेलो होतो. लाईट गेली की फोन करा, असं थोरल्या मेहुणीला बजावून निघालो होतो. साहेब म्हणाले, “आबा, यंदा कोळसाच कमी आलाय. त्यावरची वीज आधी लष्कराच्या डेपोला द्यायची, असा सरकारचा हुकूम आहे. उरेल ती तुमच्या अवसरी गावाला. माझ्या हातात काय?” तेवढ्यात फोन वाजला. “दाजी, गेली.” मी म्हणालो, “धीर धरा, आक्का. साहेबांपुढंच बसलोय. येईल परत.” “लाईट न्हाई ओ, दाजी. प्रयाग गेली.” मशीन आता शेजारच्या कासमच्या आईला दिलंय. म्हातारीलाही दम लागतो. दुपारची लाईट रोज तशीच जाते. कासमसोबत पुन्हा ऑफिसात जायला हवं. मी अजून गेलेलो नाही.