वाढलेला दर

स्टेशनसमोर सिद्धरामच्या फोनवर टॅक्सी ॲपचं भाडं आलं आणि तो चमकला. स्टेशन ते विमानतळ, एकशे नव्वद रुपये. आठ महिने याच फेरीला त्याला नव्वदच मिळत होते.

"मेहबूबभाई, हे बघा. काहीतरी चुकलंय."

शेजारच्या गाडीतून मेहबूबभाईंनी मान बाहेर काढली. "ॲप चुकत नसतं बाबा. माझी पोरगी नोकरीला लागली, त्याच दुपारी माझा दर वाढला. तुझी नड सरली म्हण की! पेढे आण."

दर माणूस बघून ठरायचा. ज्याच्या घरी नड मोठी, त्याला पैसे कमी, कारण नडलेला ड्रायव्हर कुठल्याच भाड्याला नाही म्हणत नाही. गाडीत बसवलेल्या माइकमधून ॲप ऐकतं म्हणून गाडीत बसून कुणी घरचं बोलत नसे. पण सिद्धरामला लपवता आलं नव्हतं. आईचं ऑक्सिजन मशीन ॲपलाच जोडलेलं होतं आणि त्याचं भाडं सिद्धरामच्या कमाईतूनच कापलं जायचं. मशीन घरी आलं त्याच दिवशी त्याचा दर निम्म्यावर आला होता.

"कसली नड सरतेय? सकाळी निघालो तेव्हा आई मशीनवरच..."

सिद्धराम बोलता बोलता थांबला. मशीन बंद झालं, की घरच्यांच्या आधी ॲपला कळायचं.

मेहबूबभाईंनी नजर खाली वळवली.

फोन वाजला. बायकोचं नाव होतं. सिद्धराम सवयीने गाडीतून उतरला, दार नीट लावलं, चार पावलं लांब गेला आणि मगच त्याने फोन उचलला.