अजून खोटं वाटतंय

“हे वाक्य परत घे,” बाबा म्हणाले. “अजून खोटं वाटतंय.”

दिग्दर्शक मुलगा आणि चुका काढणार बाप! सगळे हसले.

सिनेमा होता स्वतःच्या वडिलांवर सिनेमा काढणाऱ्या एका दिग्दर्शकाचा. मुलगा दिग्दर्शकाच्या भूमिकेत, बाबा बाबांच्याच. कॅमेरावाली आरशात दिसली तर दिसू द्यायची. जन्मभर शिलाई मशीन चालवलेल्या बाबांना आधी हे काही झेपेना. “यात नाटक कुठलं आणि घर कुठलं, तेवढं तरी सांगा!” पण हळूहळू ते सराईतासारखे दिव्यांसमोर येऊन बसू लागले. मुलाच्या पँटी त्यांनीच कमरेत आत घेतल्या, मग आणखी आत घेतल्या. भूमिकेसाठी बारीक व्हावं लागतं, असं तो म्हणाला होता. पोराची ही मेहनत बघून त्यांना कौतुकच वाटे.

आजचा प्रसंग स्वयंपाकघरातला. दिग्दर्शक आपला आजार वडिलांना सांगतो.

“बाबा, माझे रिपोर्ट आलेत. आजार मोठा आहे,” मुलगा पुन्हा म्हणाला.

“छे! बापाला असं सांगतं का कुणी? बातम्या वाचल्यासारखं?”

मुलगा थोडा वेळ ओट्याला टेकून उभा राहिला. मग कॅमेरावालीच्या कानाशी काहीतरी बोलला, हातातला कागद ठेवून दिला आणि स्टूल ओढून बाबांसमोर बसला.

“बाबा, सोमवारी ऑपरेशन आहे माझं. तुम्हाला कसं सांगू, तेच कळत नव्हतं. मला भीती वाटतेय हो. याल ना बरोबर?”

बाबा गडबडले. हे कागदावर नव्हतं. पण आता तेही काही कच्चे राहिले नव्हते. त्यांनी मुलाचा हात हातात घेतला.

“येणार म्हणजे काय, वेड्या! मी नाही तर कोण येणार?”

मुलाने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि तो हमसून हमसून रडू लागला. बाबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ‘कट’ काही कुणी म्हणेना.

शेवटी बाबांनीच मान वळवली. “आत्ता कसं! याला म्हणतात काम. आलं ना गं सगळं नीट?”

कॅमेरावालीने डोळे पुसले.

“काका, कॅमेरा बंद आहे. त्यानेच बंद करायला सांगितला.”