लिंबावरची गुळवेल

झुंबरबाई दोन गाड्या बदलून विंचूरहून लेकीच्या दारात पोहोचल्या आणि दारातच राहिल्या. उज्वलाताईंनी आतलं दार उघडलं, पण बाहेरच्या गजांच्या दाराचं कुलूप काही काढलं नाही. विहिणीचा अपमान नको म्हणून जिन्यात खुर्ची मात्र आधीच मांडून ठेवली होती.

"राग मानू नका, विहीणबाई. त्या गोळ्यांमुळे तेजूला कुणाचंही दुखणं लगेच लागतं. तुम्ही एवढ्या गर्दीतून आलात."

झुंबरबाई म्हणाल्या, "नाय, बरोबर हाय तुमचं," आणि पदराने घाम पुसत बसल्या. गजांतून चहा बाहेर आला. मग कुंकवाचा करंडाही आला. तुमचं तुम्हीच लावून घ्या, असं उज्वलाताईंनी सांगितलं, तेव्हा झुंबरबाईंनी आरशाशिवाय अंदाजाने बोट टेकवलं. ते जरा वाकडंच लागलं.

तेजस्विनी आतून येऊन गजांपाशी उभी राहिली. गालांवर लाल चट्टे, बोटांची पेरं सुजलेली. डॉक्टरांनी गर्दी टाळा म्हटलं होतं. सासूबाईंनी गर्दी म्हणजे माणूस असा अर्थ घेतला. डॉक्टर म्हणाले ऊन नको, तर घरातले सगळे पडदे पडले. दिवाळीपासून ती जिना उतरली नव्हती. सासू वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. रात्री उठून ताप बघणाऱ्या बाईशी भांडणार कसं?

झुंबरबाईंनी लेकीकडे पाहिलं आणि पिशवीत हात घातला. बांधावरच्या कडुलिंबावर चढलेली गुळवेल त्यांनी स्वतः तोडून, धुऊन, तुकडे करून आणली होती. लिंबावरचीच गुळवेल खरी, तिने अंगात शक्ती येते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. उज्वलाताईंचा चेहरा खुलला. नाशकात पैसे टाकूनही अशी ताजी मिळत नाही, असं म्हणत त्यांनी पिशवी गजांतून आत ओढली आणि लगेच पातेलं चढवलं. विंचूरहून आलेल्यांपैकी आत गेली ती फक्त पिशवी.

आजवरचे तुळशीआल्याचे काढे तेजस्विनीने गुपचूप मोरीत ओतले होते. आईपुढे तसं चालणार नव्हतं. डॉक्टरांनी तिला आणि नवऱ्याला, महेशला, समोर बसवून सांगितलं होतं की शरीराची राखण करणारी शक्तीच पिसाळली आहे आणि आपल्याच शरीरावर धावून जाते आहे. आधी सांधे धरले, आता मूत्रपिंड. गोळ्या आहेत त्या या शक्तीला दाबून ठेवायला. शक्ती वाढवणारं काहीही घ्यायचं नाही, आणि गुळवेल तर नाहीच, असं नाव घेऊन बजावलं होतं. आणखी एकदा भडका उडाला तर मूत्रपिंड वाचणार नव्हतं.

"आई," ती गजांना तोंड लावून म्हणाली, "मला हे चालत नाही गं. माझी शक्ती कमी नाहीये, जास्त झालीय. तीच मला खातेय."

झुंबरबाई तिच्या सुजलेल्या बोटांकडे बघत राहिल्या. "शक्ती जास्त झाली असती, तर अशी दिसली असतीस का तू?"

"तेच मी म्हणते," उज्वलाताई कप घेऊन येत म्हणाल्या. लग्नातल्या मानपानावरून आजवर धड न बोललेल्या दोघी विहिणी पहिल्यांदाच एका मताच्या झाल्या होत्या.

महेशला विचारा, डॉक्टर काय म्हणाले ते त्यानेही ऐकलंय, असं तेजस्विनी म्हणाली. उज्वलाताईंनी लगेच फोन लावून स्पीकरवर टाकला. महेश अंबडला कंपनीत होता. मागे मशिनचा आवाज चालू होता. उज्वलाताईंनी त्याला सगळं सांगितलं.

"अर्धा कप तर आहे, तेजू," तो म्हणाला. "आज घे. दोघींचं मन मोडू नको."

फोन बंद झाला. जिन्यात झुंबरबाई उठून उभ्या राहिल्या. परतीची गाडी गाठायची होती, पण लेकीने घोट घेतल्याशिवाय त्यांचा पाय निघेना. त्यांनी गजांपाशी येऊन हात पुढे केला. उज्वलाताईंनी त्यावर सॅनिटायझर ओतलं, चोळून घ्यायला लावलं, आणि पहिल्यांदाच तो हात आत येऊ दिला.

झुंबरबाईंनी लेकीची हनुवटी धरली. लहानपणी औषध पाजताना धरायच्या तशीच. बोटं ओली होती, गार होती, आणि त्यांवर अजून चिकाचे डाग होते. एवढ्या महिन्यांत गोळी द्यायला, ताप बघायला सोडून कुणी तिला हात लावला नव्हता. तेजस्विनीचे डोळे भरून आले. तिने गाल त्या तळव्यावर टेकवला.

"पी, माझी बाय," झुंबरबाई म्हणाल्या.

उज्वलाताईंनी कप ओठांना लावला. कप संपला की हात जाणार, हे तेजस्विनीला कळत होतं. तिने तोंड उघडलं आणि अगदी सावकाश पिऊ लागली.